गोलकीपर सुनेचं मूल्यमापन

फुटबॉलचा सामना साठ मिनिटांत संपतो (आमच्याकडच्या बायकांचा; पुरुषांना नव्वद लागतात). पण कोण कसं खेळलं हे ठरल्याशिवाय तो झाला असं म्हणता येत नाही. खेळणं कुणालाही जमतं, त्याला नुसते पाय लागतात. मूल्यमापनाला समिती लागते, समितीला खुर्च्या लागतात आणि खुर्च्यांना वजनदार माणसं लागतात.

इंदिरानगरच्या महिला फुटबॉल मंडळाकडे अशी तीन माणसं होती. अध्यक्ष खंडेराव, सरकारी कचेरीतून निवृत्त. त्यांची मुलगी रूपाली पुढच्या फळीत खेळायची. प्रशिक्षक कुंदन, त्याची बायको मैना बचावात. तिसऱ्या गोजराबाई. त्यांची शाळा तिसरीत सुटली होती, पण ज्या पडीक वावरात सामने होत ते वावर त्यांचं होतं, आणि क्रीडाक्षेत्रात याहून मोठी पात्रता अजून निघालेली नाही. त्यांची सून सुवर्णा गोलकीपर होती. (हातमोजे गुलाब तोडताना घालायचेच. बॉलला काटे नसल्यामुळे तीन हंगाम टिकले.)

रविवारी देवळाली कॅम्पच्या संघाशी सामना झाला आणि शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. यातलं एक शून्य सुवर्णाने कमावलेलं होतं, दुसरं बाकीच्या दहा जणींनी.

समितीने सामना बारकाईने पाहिला. खंडेरावांनी बावीस मिनिटं पाहिला. उरलेला वेळ ते पत्रकावर रेघा मारत होते. कुंदनने तो सबंध मोबाईलवर टिपला, त्यात त्याचा अंगठा फार स्पष्ट आला आहे. गोजराबाईंनी साठच्या साठ मिनिटं पाहिला, पण एकच टोक. त्यांनी खुर्ची सुवर्णाच्या गोलमागे शेवग्याच्या सावलीत टाकली होती. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तशी ती खुर्ची उचलून त्यांनी पलीकडच्या गोलमागे नेली. "हितं वारं लागतं," म्हणाल्या. (तिथे टळटळीत ऊन होतं. वारं नव्हतं.)

सुवर्णाने चौदा बॉल अडवले. त्यात एक पेनल्टी.

जिल्ह्याच्या निवड शिबिराला मंडळाने एकच नाव कळवायचं होतं: सगळ्यांत जास्त गुणांचं. सुवर्णा दहावीपर्यंत शाळेच्या संघात होती. मग लग्न झालं आणि बॉल बारा वर्षं लांब राहिला. शिबिराची बॅग तिने आठवडाभर आधीच भरून कपाटामागे लपवली होती. गोजराबाईंना ती दुसऱ्याच दिवशी सापडली. त्यांनी आत लाडवांचा डबा सारला, बॅग होती तशी ठेवली आणि सुनेला "कपाटामागं झाडत नाय कधी" म्हणून दोन शब्द सुनावले.

समितीची बैठक गोजराबाईंच्या ओट्यावर भरली. पुढ्यात 'खेळाडूनिहाय वैयक्तिक कामगिरी मूल्यमापन पत्रक, नमुना क्रमांक सात' होतं. (नमुने एक ते सहा नाहीत. सातपासून सुरुवात केली की संस्था जुनी वाटते.) रकाने: धावणे, लाथेची दिशा, लाथेमागचा हेतू, वडीलधाऱ्यांशी वागणूक, एकूण गुण आणि शेरा. पत्रकाखाली एकच टीप होती: खेळाडूची नातेवाईक व्यक्ती समितीत असल्यास तिचं म्हणणं विचारात घ्यावं, कारण घरच्या माणसाइतकं कुणालाच माहीत नसतं.

"सुवर्णा," खंडेरावांनी पेन उघडलं. "वहिनी, पोरीनं कमाल केली. नऊ लिहितो."

आता, घरच्या माणसाचं चारचौघांत कौतुक झालं की ते झटकायचं असतं. पंगतीत जिलेबी आली की ताटावर हात आडवा धरतात, तसंच हे. धरणाऱ्याने नको म्हणायचं आणि वाढणाऱ्याने हात बाजूला सारून वाढायचं. दोघांनाही आपापलं काम ठाऊक असतं. गोजराबाईंनी आपलं काम चोख केलं.

"कसलं काय, भावोजी! सरळ हातात आलेला बॉल धरला. त्यात काय नवल?"

खंडेरावांनी नऊ खोडून सात केले.

गोजराबाई आग्रहाची वाट पाहत राहिल्या. तो आला नाही. मग त्यांनी आणखी थोडं नको म्हटलं.

"आन् त्या पेनल्टीला तर ती भलतीकडंच पडत होती. बॉलच येऊन आदळला तिच्यावर."

"असं का? मी रेघा मारत होतो." पाच.

"घरात दुधावर लक्ष राहत नाय तिचं, बॉलवर काय राहनार!"

तीन. शेरा: 'दूध उतू जाते.'

छत्तीस वर्षांच्या नोकरीत खंडेरावांनी समोरचा सांगेल ते लिहून घेतलं होतं. सांगणाऱ्याच्या मनात काय आहे, याला रकाना कधीच नव्हता. स्वतःच्या मुलीलाही त्यांनी सोडलं नाही. कुंदन म्हणाला, "रूपालीला आठ द्या." खंडेराव म्हणाले, "छे! म्हैस पळते तशी पळते," आणि स्वतःच्या हाताने दोन लिहिले. कुंदनने बायकोचं सात गुणांचं कौतुक झटकत झटकत दीडवर आणलं. (मैना आत पोहे परतत होती. त्या दिवशीच्या पोह्यांत मिरच्या किती होत्या, याची नोंद पत्रकात नाही.) ज्यांची नावं समितीला आठवेनात त्या आठ जणींना सरसकट सहा देण्यात आले.

राहिली उज्वला. तिचं समितीत कुणीच नव्हतं. खंडेरावांनी नऊ लिहिले, ते झटकायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून नऊच राहिले. उज्वला रविवारी लासलगावला आतेबहिणीच्या हळदीला गेली होती. पण हजेरीचा रकाना नव्हता, आणि तिची एकही लाथ चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"वहिनी, इथं सही."

बोलायचं वाक्य एकच होतं: माझी सून सगळ्यांत भारी खेळली. गोजराबाईंनी भाजीबाजारात भल्याभल्या अडत्यांना घाम फोडला होता. हे वाक्य मात्र ओठांपर्यंत येऊन परत गेलं. त्यांच्या सासूने ते त्यांना कधी ऐकवलं नव्हतं, त्यामुळे त्यांना त्याची सवय नव्हती. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "च्या घ्या की अजून."

"किती पडले, आत्याबाई?" मंडळी गेल्यावर सुवर्णाने विचारलं.

"तीन."

"तुम्ही तर गोलमागंच होतात."

"व्हते की! चौदाच्या चौदा मोजले म्या. मी आपली नको नको म्हनत राहिले, त्या मेल्यानं आग्रह करायला नको?"

"जिलेबी नव्हती वाढायची, आत्याबाई," सुवर्णा म्हणाली. "माझे गुण होते." आणि तिने कपाटामागची बॅग ओढून रिकामी करायला घेतली. आत लाडवांचा डबा निघाला.

सोमवारी सकाळी डेअरीच्या रांगेत, पंधरा माणसांच्या देखत, गोजराबाईंनी खंडेरावांना गाठलं.

"भावोजी, लिहून घ्या. माझी सून लय भारी खेळली. एक लंबर."

शेजारच्या तानुबाईंनी गोजराबाईंच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"वहिनी," खंडेराव शांतपणे म्हणाले, "घरच्यांनी काढलेली खोड ग्राह्य धरता येते. घरच्यांनी केलेली स्तुती म्हणजे पक्षपात."

गोजराबाईंनी तिथल्या तिथे समिती सोडली. उज्वला शिबिराला गेली, आणि तिथे गुण पाहून तिला लगेच कप्तान केलं.

हे वाचून वाचकाला या मंडळींची कीव आली असेल. तशी यायलाच हवी. आता त्याने एक करावं. घरात चार बाहेरची माणसं बसलेली असताना आपल्या माणसाबद्दल एक चांगला शब्द मोठ्याने बोलावा. मनातल्या मनात बोललेला धरला जाणार नाही. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नये. समितीत एक जागा रिकामी झाली आहे, आणि अनुभव तर आपल्याकडे आहेच.