सकाळी फिरायला गेल्याचा पुरावा

वजन कमी करण्याइतके सोपे काम जगात दुसरे नाही, असे मी पन्नाशी उलटल्यावर जाहीर केले. अर्थात फक्त स्वतःपाशी! तिरोड्याच्या डॉक्टरांनी उपास सांगितला नव्हता की औषध. दुसऱ्यांदा भात घ्यायचा नाही, रोज पहाटे चालायचे आणि हे जन्मभर करायचे. शेवटची अट सोडली तर सगळे मला पटले होते.

गावात मात्र सांगायची सोय नव्हती. आमच्या धानाच्या मुलखात हेडमास्तरचे पोट ही गावाची शोभा समजतात. म्हणून मी झुंजुमुंजू असतानाच शाल पांघरून, पाण्याची बाटली घेऊन, तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, गुपचूप चालू लागलो. दोन महिने मजेत गेले.

तेवढ्यात गाव हागणदारीमुक्त करायची मोहीम आली. सरपंच देवकाबाईंनी बायकांचे गुड मॉर्निंग पथक काढले. उघड्यावर जाणारा दिसला की शिट्टी वाजवायची, हातात झेंडूचे फूल द्यायचे आणि शाळा भरायच्या वेळी पंचायतीच्या भोंग्यावरून त्याचे नाव पुकारायचे.

एका पहाटे बेशरमाच्या झुडपामागून अशी शिट्टी वाजली, की पाळीवरचे बगळे उडाले. मीही उडालो असतो, पण वजन!

"काऊन गुरुजी, कुठे जाऊन राहिले जी?" देवकाबाई पुढे आल्या.

"फिरायला!"

"बाटली घेऊन?"

"तहान लागते हो!"

"सारेच असे म्हणतेत जी." आणि त्यांनी आदराने माझ्या हातात फूल दिले.

शौचालयावर निबंधस्पर्धा घेणारा हेडमास्तर मी! भोंग्यावर नाव गेले तर पोरांपुढे कोणत्या तोंडाने उभा राहणार?

"अहो, वजन कमी करून राहिलो! भातसुद्धा एकदाच घेतो. घरी विचारा!"

सगळे पथक माझी वरात काढल्यासारखे घरी आले. बायको, भूमेश्वरी, अंगणात सडा टाकत होती.

"वैनी, गुरुजी एकडाव भात घेते म्हणे. खरं हाय का?"

हिने माझ्याकडे पाहिले, मग पथकाकडे. हो म्हणावे, तर मास्तरीण नवऱ्याला पोटभर वाढत नाही अशी गावभर बातमी. नाही म्हणावे, तर नवरा भोंग्यावर. तिने क्षणभरही विचार केला नाही.

"अजी, कायले खोटं बोलता? पोटभर तं जेवता तुमी!"

झाले! साक्षीदार फुटला. पथक वळले. मी फूल हातात घेऊन ओट्यावर बसलो. माझा चेहरा बहुधा तिसरीतल्या नापास पोरासारखा झाला असावा, कारण ही बादली ठेवून तरातरा आत गेली आणि माझी शाळेची पँट घेऊन बाहेर आली.

"थांबा जी! हे पाहा. दोनदा कंबर आत घेऊन शिवली मी याची, यायले न सांगता. फिराले जाते म्हणूनच नं!" मग आवाज चढवून म्हणाली, "पण भोंग्यावर सांगान तं हेबी सांगा. घरी गंजभर भात रायते. हेच नाही म्हणतेत!"

पँट हातोहाती फिरली. पथकाने शिवण तपासली. आणि शाळेची प्रार्थना चालू असताना भोंगा गरजला, "गुरुजी खरोखर फिरायला जातात! त्यांच्या घरी भात भरपूर आहे! पँट पाहण्यात आली आहे!"

प्रार्थना तिथेच थांबली.

दुसऱ्या पहाटे जो सापडला तो म्हणाला, "गुरुजीवानी फिराले आलो जी!" काडीसारखा मंगरूसुद्धा वजन कमी करायला निघाला होता! देवकाबाईंनी शांतपणे निकाल दिला, "मंग गुरुजीसंग पाळीच्या टोकापावतर जा अन् वापस या. मंग घरी."

तेव्हापासून रोज कोणीतरी माझ्या मागे असतेच. मंगरू तर दात आवळून सारखा म्हणतो, "गुरुजी, जरा झपाझप चाला नं जी!"

मागच्या महिन्यात डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "या वयात हा वेग! टिकवा."

टिकवतो. मंगरूसमोर दुसरा इलाज नाही.