मास्तरांच्या फोनास कंठ फुटला त्याची कैफियत

सज्जनांस विदित व्हावे ऐसे जे, हा मजकूर कोणाची भीड न धरितां, जैसे घडले तैसा लिहिला असे. लिहिणाराची एक विजार मास्तरांकडे तीन महिने शिवावयास पडून होती, परंतु त्या कारणें लेखणी कोणीकडे झुकली ऐसे कोणी म्हणू नये.

तर खासे मास्तर, शिलाईकामात चाळीस वर्षे मुरलेले, गळ्यात मापाची पट्टी आणि कानावर खडू, ऐसे आपले दुकानी, म्हणजे राहते घरचे पुढील खोलीत, मशीनवर विराजमान असतां सकाळी दहाचे सुमारास फोन वाजला आणि पडद्यावर ‘दादा’ ऐसी अक्षरे उमटली. ती पाहोन मास्तरांचा पाय मशीनवरोन सुटला. कारण की दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू, आणि उभयतां बंधूंमध्ये सहा वर्षे अबोला. त्याचे मूळ ऐसे की, पूर्वी दोघे एके दुकानी शिवीत असतां मास्तरांणी शिवलेल्या कोटाची बाही दादांस वाकडी दिसली, आणि त्यांणी भर गिऱ्हाइकांत ‘उसव’ म्हणोन हुकूम केला, आणि मास्तरांणी जाब दिला की, मी माझा टाका आजवर उसवला नाही व उसवणार नाही. मग कोट तैसाच गेला, दुकान दोन जागी जाहले, आणि लग्नकार्यांतही उभयतां एकमेकांस टाळोन जेवून उठू लागले.

मास्तरांणी फोन कानाशी नेला आणि “दादा” म्हणाले. पलीकडोन “हॅलो” आले. मास्तर पुन्हा म्हणाले, आणि पलीकडोन पुन्हा “हॅलो” आले, आणि मग थोरल्यांचा आवाज उतरला.

“बोलायचं नाही का अजून? बरं. पाच वाजता परत करीन. तेव्हाही गप्प बसलास तर समजायचं ते समजेन.”

इतके बोलोन फोन ठेविला. त्या समयी मास्तर “दादा, दादा” करीत होते ते रस्त्यापलीकडील न्हाव्याचे दुकानी ऐकू गेले, परंतु दादांस गेले नाही.

येथे शंका निघेल की, दुसरे फोनावरोन का न बोलावे. तर दादांची शिस्त ऐसी की, बोलणे संपतांच फोन बंद करोन कपाटात ठेवावा, येणेंकरून बॅटरी टिकते. निरोप वाचणे त्यांस मंजूर नाही. आणि त्यांचे गाव आठ तासांचे वाटेवर. सारांश, पाचाचे आंत मास्तरांचे फोनास कंठ फुटला तरच धडगत होती, नाहीतर सहा वर्षांचा अबोला जन्माचा होत होता.

मग मसलत बसली. मास्तरांच्या पत्नी, ज्यांचे हाती घरची कुल मुखत्यारी, त्या कांदा चिरता चिरता हजर जाहल्या. सूनबाई, ज्या घरूनच कचेरीचे काम संगणकावर करीत, त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकोन आल्या. आणि शेजारचे फ्यूजकाका, वीजखात्यातून निवृत्त, ज्यांस दुनियेतील प्रत्येक यंत्राचा रोग एकच, तो म्हणजे लूज कनेक्शन, ऐसा साक्षात्कार फार पूर्वीच जाहला होता, तेही चपला अडकवोन दाखल जाहले. मध्ये फोन ठेविला. त्याणे आदले दिवशीच नवा पोशाख ल्याला होता. कारण की इस्त्रीचे टेबलावरोन दोन वेळां पडला, म्हणोन मास्तरांणी उत्तम कोटाचे कापड व तिपदरी अस्तर घेवोन, पडदा, कानाची जागा आणि चार्जर इतके उघडे ठेवोन, बाकी अंगावरच शिवून बंद केला, काढघालीची भानगड ठेविली नाही. तो पोशाख पाहोन सर्वांणी तारीफ केली आणि मग लढाईस आरंभ जाहला.

पहिला हल्ला फ्यूजकाकांणी चढविला. त्यांणी फोनास तळहातावर दोन थापा दिल्या आणि फुंकर मारिली, परंतु गनीम हालला नाही. मग सूनबाईंणी फोन बंद केला, शंभर आकडे मोजोन चालू केला, तरीही तीच अवस्था. मग त्या सेटिंगचे मुलुखात शिरल्या आणि मायक्रोफोन वापरण्याचा परवाना कोणाकोणास आहे याची झडती घेतली. तेथे दाखले निघाले की, नुसता उजेड पाडणाऱ्या एका अ‍ॅपास ऐकण्याचा परवाना दिला आहे. सूनबाईंणी विचारिले की, बाबा, हे कोणी दिले. मास्तरांणी कबूल केले की, त्याणे विचारिले, आणि आम्ही नाही कसे म्हणावे. तो परवाना तत्काळ रद्द जाहला, पण आवाज काही उठला नाही. तो पावेतो दोन वाजले आणि सर्वांणी पिठले-भात उभ्याउभ्याच उरकला.

तिसरे प्रहरी फ्यूजकाकांणी तोड काढिली की, यातील सिमकार्ड काढोन सूनबाईंचे फोनात घालावे, म्हणजे दादांचा फोन तिकडे येईल. मसलत पक्की होती. परंतु सिमचा कप्पा शिवणीखाली दबला होता, आणि मास्तरांणी फर्माविले की, टाका उसवणे नाही. सर्वांस ठाऊक होते की हे शब्द कोठून आले. पत्नींणी कुंचा घेवोन स्वच्छ असलेली खोली पुन्हा झाडली.

मग सूनबाईंणी आवाज नोंदवोन पाहिला. मास्तर खड्या आवाजात “दादा, मी बोलतोय” म्हणाले, आणि ते परत ऐकविले, तो ऐसा आवाज निघाला की कोणी माणूस गादीत गुंडाळोन ठेविला आहे. सूनबाई थबकल्या. त्यांणी आपला फोन उलटा धरोन, चार्जरचे जागेशेजारी सुईचे नाकाएवढे भोक दाखविले.

“बाबा, आपण बोलतो ते इथून आत जातं. तुमच्या फोनला हे कुठंय?”

मास्तर पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “होतं. मला वाटलं, कारखान्याची चूक. वाईट दिसत होतं, म्हणून दोन पट्ट्या जास्त लावून झाकलं.”

“म्हणजे ऐकायला जागा ठेवली,” पत्नी म्हणाल्या, “आणि बोलायला ठेवली नाही. सहा वर्षं तुमचं हेच चाललंय.”

घड्याळात पाचास दहा कमी होते. मास्तरांस राग आला, आणि मग राग जावोन लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ दादांचा सकाळचा उतरलेला आवाज आठवला, आणि त्यांचे मन फार वाईट जाहले. मग ते उठले. खणातून अर्धे ब्लेड काढिले, जे दुसऱ्यांचे टाके उसवण्यास ठेविले होते, आणि चष्मा चढवोन पहिल्या टाक्याखाली घातले. टाका सुटेना. आपले शिलाईची मजबुती त्या दिवशी मास्तरांस प्रथमच जाचली. एक सुटला, मग दुसरा सुटला, आणि ठीक पाच वाजता फोन हातातच वाजू लागला.

“उचलू का?” पत्नींणी विचारिले.

“थांब. दोनच राहिलेत.”

फोन सहा वेळां वाजला. सातवे वेळेस शिवण उघडली, आणि मास्तरांणी अस्तर अंगठ्याने मागे दाबोन फोन उचलिला.

“दादा, ऐकू येतंय का?”

“येतंय.”

“त्या कोटाची बाही वाकडी होती, दादा.”

पलीकडोन कितीक वेळ काही आले नाही. फ्यूजकाका कुजबुजले की, लूज कनेक्शन. सूनबाईंणी त्यांस डोळ्यांनीच गप्प केले.

“हे मला माहीत आहे,” दादा म्हणाले. “तुला कधी दिसली?”

“त्याच दिवशी.”

मग दादा हसू लागले, आणि मास्तरही हसू लागले, आणि हसतां हसतां मास्तरांणी गळ्यातील मापपट्टीने डोळे पुसले. पुढे पाऊण तास बोलणे जाहले, त्यांत गुडघ्यांचे दुखणे, सुताचा पडलेला दर्जा व अलीकडील गिऱ्हाइकांचा उद्धटपणा हे विषय निकाली निघाले, आणि पुढील महिन्यात दादांणी आठ दिवस मुक्कामास यावे ऐसा करार ठरला. रात्री पोशाख पुन्हा शिवला गेला. बोलण्याचे जागी मास्तरांणी रेशमी धाग्याचे एक काज केले, ऐसे नाजूक की नवरदेवाचे कोटासही मिळू नये.

येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि कोणी शंका घेईल म्हणोन पुरावा येथे दाखल करितों. त्यानंतर चौथे दिवशी लिहिणाराची विजार शिवून मिळाली. घरी घालोन पाहतां डावा पाय बोटभर आखूड निघाला. भीत भीत परत नेली आणि सांगितले. मास्तरांणी विजार उलटी करोन पाहिली, आणि खणातून ब्लेड काढिले.