मान वर, मान खाली

मुलं कशी वाढवायची हे मला कोणी शिकवू नये. दोन माझी, तीन नणंदेची आणि जेवायच्या वेळी स्वतःचं घर विसरणारं शेजारचं एक, अशी सहा मुलं मी शिलाई मशीन चालवता चालवता मार्गाला लावली. तीही एकदाही हात न उगारता! नुसते डोळे. मी मशीनवरून मान वर केली की मूल मान खाली घालायचं. विषय संपला.

त्यामुळे लेकीने पुन्हा नोकरी धरली आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत नात कोणाकडे राहणार हा प्रश्न निघाला, तेव्हा मला तो प्रश्न वाटलाच नाही. माझ्या घरी तिची झालर लावलेली उशीसुद्धा शिवून तयार होती. पण जावई वेगळ्या मुलखातला, वेगळ्या रीतीभातीतला. आणि जावयाला आई असते, हे लग्न ठरवताना कोणाच्या लक्षात येत नाही.

विहीणबाईंनी आयुष्यभर तलावावर मुलांना पोहायला शिकवलं. त्या निवृत्त झाल्या, गळ्यातली शिट्टी काही झाली नाही. त्यांनाही नात हवीच होती, आणि त्यांनी म्हणे तिच्यासाठी छोटी खुर्चीही आणून ठेवली होती. नातीने आमची नावं पाडली होती: मी सुईआजी, त्या शिट्टीआजी. तिला स्वतःला आम्ही ठिणगी म्हणतो, आणि उगीच म्हणत नाही.

शेवटी लेकीने सांगितलं, दोघी आठवडाभर आमच्याकडे येऊन राहा, तिला मिळून सांभाळा, मग मी ठरवते कोणाकडे ठेवायचं. म्हणजे परीक्षाच की! मी मशीनसकट जाऊन पोचले.

विहीणबाईंची तऱ्हा बघून मी थक्कच झाले. पोरीने मोजे घातले, शाबास. दूध संपवलं, शाबास. दूध सांडलं, तर सांडलं म्हणून सांगितल्याबद्दल शाबास. आमच्यात मुलाचं तोंडावर कौतुक करत नाहीत, डोक्यात जातं. त्यांच्यात नाही केलं तर मूल कोमेजतं म्हणे. मी हसून सोडून दिलं. परीक्षेत दुसऱ्याच्या पेपरात कशाला डोकवा?

मग पडद्याचं झालं. एका हॉटेलवाल्याचे जाड मखमली पडदे मी शिवत होते. मी चहा टाकायला उठले तेवढ्यात ठिणगीने माझी मोठी कात्री घेतली आणि एका पडद्याच्या मधोमध चौकोन कापला. का, तर बाहुलीला बाहेर बघायला खिडकी हवी होती. मी डोळे वटारले. तर कार्टी सरळ माझ्या डोळ्यांत बघत उभी! माझ्या सहांपैकी एकाचीही ही छाती झाली नव्हती.

"मान खाली घाल," मी म्हणाले. तिने घातली.

तेवढ्यात दारातून विहीणबाई म्हणाल्या, "मान वर कर, बाळा. माझ्याकडे बघून सांग काय झालं." तिने केली.

मग आमची चर्चा झाली. विहिणी भांडत नाहीत, "असेल हो तुमच्याकडे" म्हणतात. त्यांचं म्हणणं, खाली बघणारं मूल काहीतरी लपवतं, आणि पाण्यात डोळे मिटणारं मूल नाकातोंडात पाणी घालून घेतं. मी म्हटलं, इथे पाणी नाही, पडदा आहे. आणि आमच्यात रागावताना जे मूल टक लावून बघतं, ते उलट उत्तराची तयारी करत असतं. असेल हो तुमच्याकडे, त्या म्हणाल्या. असेल हो तुमच्याकडे, मी म्हणाले. ठिणगी मध्ये उभी होती. वर, खाली, वर, खाली.

त्यानंतर पोर एकदम गुणी झाली. मला ती मान खाली घालताना दिसायची, त्यांना वर करताना. दोघी खूश. जिंकत आलो, असं दोघींनाही वाटत होतं.

शेवटच्या दिवशी शाळेतून लेकीच्या ऑफिसात फोन गेला. बाईंनी वर्गाला चपला नीट लावायला जरा आवाज चढवून सांगितलं, तर आमची मुलगी मान वरखाली करायला लागली आणि थांबेचना. बाई घाबरल्या. लेक घाबरली. मी ऑफिसातून थेट डॉक्टरांकडे येते, तुम्ही तिला घेऊन पुढे व्हा, असं तिने आम्हाला कळवलं.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विहीणबाईंकडे बघितलं. सगळ्या जगाच्या डोळ्यांत बघणाऱ्या त्या बाई भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत होत्या. म्हणजे त्यांच्याही डोक्यात पडला होता! पण बोलणार कोण? जी आधी तोंड उघडेल, तिची नात गेली.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी मारली. काही सापडेना. नीट बस, असं त्यांनी जरा जोरात म्हटलं मात्र, मान सुरू! त्यांनी घाईने कपाटातून मानेचा पट्टा काढला. हा आठवडाभर घालायचा, आणि उद्या मोठ्या इस्पितळात मशीनखाली तपासणी. ठिणगीचा ओठ थरथरला.

"घरात काही घडलंय का? आणि खरं सांगा," डॉक्टर आमच्यावर कडाडले.

माझी मान आपोआप खाली गेली. विहीणबाईंची आपोआप वर.

"आजी, इकडे बघा, ऐकताय ना?" ते मला म्हणाले. मग त्यांच्याकडे वळले. "आणि तुम्ही माझ्यावर डोळे कसले रोखताय?"

तेव्हा टेबलावरून ठिणगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "काका, त्यांना दोघींना एकेकच येतं. मी दोन्ही करते. मग कोणीच रागवत नाही."

डॉक्टर आधी खुर्चीत बसले, मग पट्ट्यामागे तोंड लपवून हसले. मी वळून पाहिलं तर दारात लेक उभी. तिने सगळं ऐकलं होतं. ती हसत नव्हती.

निकाल घरी लागला. आवाज अजिबात न चढवता तिने सांगितलं, की पुढच्या आठवड्यापासून ठिणगी पाळणाघरात जाईल. आम्ही दोघींनी तिच्याकडे बघायचं की खाली, हे न सुचून पंख्याकडे बघितलं.

पाळणाघर सहाला सुटतं. लेक येऊन तिला घेऊन जाते, आम्हाला तिथे काही काम नाही. तरी मी साडेपाचलाच जाऊन फाटकासमोरच्या बाकावर बसते. म्हणजे बसले असते. पण विहीणबाई रोज माझ्या आधी आलेल्या असतात, आणि त्यांनी माझ्यासाठी जागा धरलेली असते. अगदी मोजून अर्धा बाक.