इंडिका या विशेषणाची चौकशी

सरकारी जमिनीवर उभं राहायचं तर झाडालासुद्धा नाव लागतं, आणि ते आपल्याला कळणारं असून चालत नाही. १९७९ साली नव्या शहराच्या वृक्षगणना शाखेत हे सगळ्यांना पटलेलं होतं. क्लार्क दिनानाथला तर जरा जास्तच.

घणसोली गावाबाहेर, महाप्याकडे जाणारा रस्ता आखला, तो नेमका एका चिंचेवरून. त्या चिंचेखाली गिरजाबाई सुकट-बोंबील विकायची. नियम असा, की झाड देशी असेल तर रस्ता वळवायचा, नसेल तर झाड तोडायचं. दिनानाथला चिंच वाचवायची होती (पाहणीला आला की दुपारचा तोही तिथेच आडवा व्हायचा). म्हणून त्यानं फॉर्मातलं 'चिंच' खोडून ऐटीत लिहिलं : टॅमरिंडस इंडिका. इंडिका म्हणजे लॅटिनमध्ये भारताची. याच्याहून देशी ते काय असणार?

साहेबांनी विचारलं, "कशावरून?"

मग काम शास्त्रशुद्ध सुरू झालं. आठ दिवस ठाण्याच्या लायब्ररीत बसून दिनानाथनं टिपण सादर केलं. अर्थ : भारतीय. उगम : सिंधू नदी, तिथून इराण, ग्रीस करत रोम (वाटेत 'स' हरवला, तक्रार नोंदलेली नाही). व्याकरण : स्त्रीलिंगी, कारण 'टॅमरिंडस' हे नाव शेवटच्या 'अस'मुळे पुरुषी वाटलं तरी लॅटिनमध्ये झाड ही बाईच. साहेबांचा शेरा पडला, "मग पुरुषी नाव का धारण केले? खुलासा घ्यावा." खुलाशातच सव्वा महिना गेला.

आणि शेवटी, सरकारी नोकरीत कुणी करू नये ते दिनानाथनं केलं. प्रामाणिकपणे एक तळटीप जोडली : हे झाड मूळचं आफ्रिकेतलं.

गिरजाबाईला त्यानं स्वतः जाऊन सांगितलं. ती बोंबील निवडत होती.

"माजे आजेसासूनं लावलेली हाय ती. आफ्रिकेला कवा गेलती?"

"मावशी, लॅटिनमध्ये असं चालत नाही."

"मंग त्या लॅटिनला सांग, उनाचा इथं येऊन बस."

सूचना रास्त होती, पण फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता. पंधरवड्यात निर्णय आला : 'विशेषण देशी असल्याने दप्तरी जतन करावे. झाड परदेशी असल्याने तोडावे.' गुरुवारी दोन्हींची अंमलबजावणी झाली, आणि उत्तम टिपणाबद्दल दिनानाथचं लेखी कौतुकही झालं.

इंडिकाचा अर्थ, उगम आणि लिंग आता तुम्हालाही पाठ झालं. गिरजाबाई टोपली उचलून कुठे गेली, हे ऑफिसात कुणी विचारलं नाही. तुम्हीही आत्तापर्यंत विचारलेलं नाही.