अण्णांच्या पडद्यावरचा भूकंप

शिवमूर्ती अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी लातुरात भूकंप झाला, आणि तो त्यांनी स्वतः, एका बोटाने, केला.

एरवी दिवस साधाच होता. शनिवार. अण्णांनी ‘शिवमूर्ती टायपिंग’चं शटर वर केलं, कॉम्प्युटर लावला आणि शेजारच्या बाइंडिंगच्या दुकानात जहांगीरभाईंना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, “लिनक्स हाय हे, जहांगीर. भूकंप आला तरी हालत न्हाई.”

“मग परवा हात जोडून कायकू बसला होता त्याच्यासमोर?”

“ती पूजा नव्हती. अपडेट चालू होतं.”

दोन्ही दुकानांची मधली भिंत एक होती आणि चहा एक होता. भांडणं मात्र दोघांची वेगवेगळी, म्हणजे एकाने सुरू करायची आणि दुसऱ्याने संपवायची.

अण्णा मूळचे टाइपरायटरवाले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लातुरात छताखाली जायला कुणी धजत नव्हतं, तेव्हा त्यांनी मशीन मैदानात नेलं, संत्र्याच्या खोक्यावर ठेवलं आणि पत्र्याच्या एका तुकड्याने वारा अडवून काम चालू ठेवलं. कुणाचंही काम कधी उशिरा दिलं नाही, याचा त्यांना फार अभिमान. पुढे शहरात क्लासेस आले. गल्ल्यागल्ल्यांत होस्टेलं झाली, मेस झाल्या, भिंतींवर टॉपर पोरांचे फोटो लागले, आणि अण्णांच्या दुकानात टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला. क्लासवाल्यांच्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका अण्णा टाइप करत, जहांगीरभाई त्या कापून, शिवून देत. उतारवयात अण्णा इंटिग्रेशनचं चिन्ह टाकायला शिकले. त्याचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. पण काढायचे फार सुबक.

क्लासवाल्यांच्या पेन ड्राइव्हबरोबर व्हायरसही यायचे. ते पेपर गिळू लागले, तेव्हा अण्णांच्या लेकीने, पुनमने, त्यांना विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी आणून दिली. पुनम नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. तिने दिली ती व्हायरसवर औषध म्हणून. अण्णांना तिच्यात जत्रा सापडली.

त्या लिनक्समध्ये इफेक्ट नावाचा प्रकार होता. तो चालू केला की पडद्यावरची खिडकी माउसने धरून ओढली तर थाळीतल्या खरवसासारखी थलथलायची. चार डेस्कटॉप चौकोनी डब्याच्या चार बाजूंसारखे गरगर फिरायचे. पुनम सुट्टीला आली की चप्पल काढायच्या आधी हाक यायची.

“पुनम, इकडं ये. बघ तर. कसं दिसतंय?”

“मेमरी खातं ते, अण्णा.”

“खाऊ दे की. पण दिसतंय कसं?”

“गरज काय त्याची?” म्हणून ती आत जायची. अण्णांना याचं वाईट वाटत नसावं, कारण पुढच्या सुट्टीला ते पुन्हा तेच विचारायचे.

आता भूकंपाकडे येऊ. पुनमला तो नंतर तिघांनी सांगितला आणि तिघांचे भूकंप वेगळे होते. पण एवढं नक्की, की दुपारी मन्मथ सर दुकानात आले. सरांचा फिजिक्सचा क्लास नवा होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांची पहिली मोठी टेस्ट. उदगीर, चाकूर, अहमदपूरकडची पोरं आईबापांना घेऊन येणार होती. पेपर वेळेवर हाती पडला नाही तर सोमवारपासून ती समोरच्या क्लासात बसली असती. सर दाराकडच्या बाजूने खुर्ची ओढून अण्णांच्या शेजारी बसले आणि प्रश्न तपासू लागले.

सर किल्लारीकडचे. भूकंप झाला तेव्हा शाळकरी होते. त्यानंतर ते कुठेही गेले तरी दाराजवळची खुर्ची धरतात.

आणि कपाटावर दोन स्टीलचे पेले होते. एकावर एक, वरचा उलटा. भूकंपानंतर लातुरात घरोघर असे पेले ठेवत, जमीन हलली तर ते पडून जाग यावी म्हणून. बहुतेकांनी ते केव्हाच उचलून पाण्याला घेतले. अण्णांनी नाही.

त्या सकाळी अण्णांनी इफेक्टच्या सेटिंगमध्ये शिरून ‘फ्रिक्शन’ नावाची एक पट्टी अगदी खाली ओढून ठेवली होती. कशाची पट्टी आहे हे बघायला.

“ही प्रश्नाची खिडकी जरा बाजूला घ्या,” सर म्हणाले.

अण्णांनी घेतली. खिडकी हलली. सोडली तरी हलत राहिली. घर्षणच उरलं नसल्याने ती थांबेना. उतारावरचा ठोकळा, त्याखालचा उतार, चारही पर्याय, सगळं लटपटत होतं. नेमकं त्याच क्षणी भिंतीपलीकडे जहांगीरभाईंनी कागद कापायच्या कटरचं पातं गठ्ठ्यावर सोडलं. भिंत दणकली आणि कपाटावरचा पेला खणकन खाली आला.

मन्मथ सर खुर्चीवरून उठले कधी ते कुणी पाहिलं नाही. ते एकदम रस्त्यावरच दिसले. “बाहेर या,” एवढंच ते ओरडले. लातुरात एवढं पुरतं. समोरच्या क्लासची तिन्ही मजल्यांची पोरं उतरली. मेसवाली तारामती पोळीसकट आली. जहांगीरभाई बाहेर पडता पडता दोन्ही दुकानांच्या मीटरचं मेन स्विच पाडून आले, कारण भूकंपात आधी वीज बंद करायची हे त्यांच्या अंगात मुरलेलं. अण्णाही पळाले. ते रस्त्यावर उभे होते तेव्हा त्यांच्या हातात माउस होता आणि मागे त्याची वायर लोंबत होती.

मग भूकंप वाढू लागला. कुणी म्हणालं, डावीकडून उजवीकडे गेला. तारामतीचा तवा सरकला होता. जहांगीरभाईंनी सांगितलं, “जमीन के नीचे से आवाज आया. मैंने सुना.” तो आवाज त्यांनीच केला होता. चाकूरहून कुणाच्या तरी मेहुण्याचा फोन आला, की आमच्याकडं बी जाणवला, पण तुमच्याइतका न्हाई.

अण्णांना एव्हाना कळलं होतं. ते हातातल्या माउसकडे बघत होते. दुसरा कुणी असता तर त्याने गप्प बसून चार दिवस भूकंपाच्या गोष्टी ऐकल्या असत्या. अण्णा ओट्यावर चढले.

“ऐका. भूकंप झालाच न्हाई. माझ्या कॉम्प्युटरात झाला. खिडकी हालली, मी हालवली. चूक माझी हाय. घरी जा.”

लोकांना हे आवडलं नाही. ज्यांनी भूकंप स्वतः अनुभवला होता त्यांना तो परत करायचा नव्हता. “तवा काय लिनक्सने सरकवला का?” तारामती म्हणाली. चाकूरच्या मेहुण्याने तर फोनच ठेवला. फक्त मन्मथ सर ओट्यावर टेकले. अण्णा त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले, पडलेल्याच पेल्यातून, आणि सर पाणी पिईपर्यंत शेजारी बसून राहिले.

“सर, माफ करा.”

“तुमचं काय चुकलं,” सर म्हणाले. मग पेला खाली ठेवत, “पेपर आहे ना?”

पेपर आत होता. वीज परत आली, कॉम्प्युटर लागला, पण प्रत्येक खिडकीच्या डोक्यावरची पट्टी गायब होती. पट्टी नाही म्हणजे खिडकी धरता येईना, हलवता येईना, बंदही होईना. सगळ्या खिडक्या टोपी उडालेल्या माणसांसारख्या बोडक्या. अण्णांनी आपला हुकमी उपाय काढला. लिनक्समध्ये हुकमापुढे ‘सुडो’ लावलं की काम होतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. सुडो म्हणजे तहसीलदाराची चिठ्ठी. ती लावून त्यांनी डेस्कटॉपच नव्याने सुरू केला. डेस्कटॉप आला, पण तो कुणा परक्याचा. अण्णांचा फोटो नाही, फायली नाहीत, पेपर नाही. घाबरून त्यांनी तो बंद केला. त्यानंतर स्वतःच्या नावाने आत जायला गेले की पासवर्ड घेई, पडदा काळा होई आणि पुन्हा पासवर्ड विचारी.

याच सुमाराला नांदेडच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, “लातूरला भूकंप झाला म्हणे.” पुनमने हातातली वही टेबलावर टाकली आणि फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला नाही. ती जिन्यातच बसली.

तिसऱ्यांदा अण्णांनी उचलला. “बरं झालं तू केलास. ते मला आत घेईना बघ.”

“कोण आत घेईना? अण्णा, तुम्ही कुठं आहात? घर ठीक आहे का?”

“घर ठीक हाय. लिनक्स आत घेईना.”

सगळं कळायला वेळ लागला. कळल्यावर तिला राग आला, कारण भीती उतरताना काहीतरी धरायला लागतं. पण मागून मन्मथ सरांचा आवाज आला, “मॅडम, संध्याकाळपर्यंत होईल का?” तेव्हा तिने रागाला बाजूला बसवलं.

“अण्णा, कंट्रोल, आल्ट, एफ वन. तिन्ही एकदम दाबा.”

“काळा पडदा आला. नुसती अक्षरं. हे तर आपल्या टाइपरायटरसारखं हाय की.” आवाजात आनंद होता.

नाव, पासवर्ड झालं. मग तिने एकेक अक्षर सांगत एका फाइलची माहिती दाखवणारा हुकूम टाइप करायला लावला. तिकडे कीबोर्ड टाइपरायटरच्या लयीत वाजत होता, एकही अक्षर न चुकता. आयुष्यभर ऐकलेला आवाज तो. अभ्यास करताना, झोपताना.

“आता त्या फाइलच्या ओळीत मालक कोण लिहिलाय?”

“रूट.”

“तुमचं नाव?”

“कुठंच न्हाई.”

“मग तेच झालंय. तुम्ही सुडो लावून डेस्कटॉप सुरू केलात, तेव्हा आत जायची ही फाइल रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सगळ्यात मोठ्या साहेबाच्या, नावावर झाली. घर तुमचं, किल्ली त्याच्या खिशात. म्हणून दारातून परत पाठवतंय.”

“म्हणजे तहसीलदाराला मीच घरात आणून बसवलं.”

“हाव.”

“जेवायला बी वाढलं असंल.”

पुनमला हसू आलं, पण ते तिने फोनवर जाऊ दिलं नाही. पुढच्या हुकमाने मालकी परत अण्णांच्या नावावर झाली. आणि त्यासाठीही सुडोच लागलं, याकडे अण्णांनी आवर्जून लक्ष वेधलं. तहसीलदाराला बाहेर काढायलाही तहसीलदाराचीच चिठ्ठी. पासवर्ड घातला. अण्णांचा डेस्कटॉप उघडला. दुकानात टाळ्या वाजल्या, त्यात तारामतीच्याही होत्या.

“पण टोप्या अजून न्हाईत,” अण्णा म्हणाले.

“इफेक्ट बंद करा. ‘काही नको’ असा पर्याय आहे, तो निवडा.”

“बंद?”

“बंद, अण्णा. त्याच्यामुळंच झालं सगळं. काय गरज आहे त्याची?”

क्लिकचा आवाज आला. “आल्या टोप्या.” मग, “आता काही हालत न्हाई. निमूट उभ्या हायत.”

पेपर सापडला. वीज गेली तेव्हा न साठवलेला शेवटचा प्रश्न तेवढा उडाला होता. सरांना तो आठवेना. त्यांनी तिथेच नवा सांगितला: एक वस्तू कंप पावत आहे, घर्षण अत्यल्प आहे, तर कंपन थांबायला लागणारा वेळ कसा बदलेल. अण्णांनी तो टाइप केला. तोंड वर न करता.

“पुनम,” फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले, “ते हालताना तू नीट बघितलंच न्हाईस कधी. कसं दिसत होतं, सांग की.”

“अण्णा, माझा तास आहे,” ती म्हणाली.

पेपर रविवारी वेळेवर वाटले गेले. अण्णा चहा घेऊन अंगणात खुर्चीवर बसले होते. तिथून ते उठले नाहीत.

माती झाली, माणसं येऊन गेली. पुढच्या आठवड्यात पुनमने जहांगीरचाचांकडून दुकानाची किल्ली घेतली. कपाटावर पेले पुन्हा एकावर एक होते. ते कुणी ठेवले हे चाचांनी सांगितलं नाही. “तू बस, बेटा. मी हायच शेजारी,” म्हणून ते आपल्या कामाला गेले.

तिने कॉम्प्युटर लावला. पासवर्ड तिचंच नाव होतं. खिडकी उघडून ओढली. ती सरळ, शहाण्यासारखी सरकली. अण्णांनी लेकीचं ऐकलं होतं.

तिने इफेक्ट चालू केले. खिडक्यांच्या टोप्या पुन्हा उडाल्या. मग ती तासभर बसली. खिडक्यांवर पट्ट्या चढवणारा प्रोग्राम सुरू होत नव्हता, तो शोधला, नीट बसवला, बाहेर जाऊन पुन्हा आत आली. वर्गात हे तिने मुलांना कधी शिकवलं नव्हतं. गरज काय, असंच सांगितलं होतं. टोप्या आल्या तेव्हा तिने घर्षणाची ती पट्टी अण्णांनी ठेवली होती तशी तळाला ओढली, एक रिकामी खिडकी धरली, हलवली आणि सोडली.

खिडकी थलथलली. थांबेना. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात लाट जात होती, परत येत होती.

भिंतीपलीकडे पात्याचा दणका झाला. पेला खणकन पडला. आणि जहांगीरचाचा, ज्यांनी आत्ताच स्वतःच्या हाताने ते पातं सोडलं होतं, धावत रस्त्यावर आले.

“पुनम, बाहर आ.”

“काही न्हाई, चाचा. तुमचाच कटर आहे.”

चाचा तिथेच उभे राहिले. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग दारातून आत, हलणाऱ्या पडद्याकडे. आणि पायरीवर बसले.

खिडकी अजून हलत होती. पुनमने डोळे पुसले नाहीत, कारण पुसेपर्यंत ते हलणं दिसलं नसतं.

“अण्णा,” ती मोठ्याने म्हणाली, चाचांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, “मेमरी खातं. पण लई भारी दिसतंय.”