धोंडू सनईवाल्याच्या खुनाला वाचा फुटली

मंगळवारी बाजाराच्या पारावर धोंडू सनईवाल्याच्या खुनाला वाचा फुटली. खून शंभर वर्षांपूर्वीचा. आधी जरा खाकरला, मग म्हणाला, "पाणी मिळेल का?"

पाणी मीच दिलं. गरज माझी होती ना! चार पिढ्या गाव आम्हाला 'खुनी दांगट' म्हणतंय, पुरावा म्हणाल तर शून्य. माझ्या कावेरीला वाघचौऱ्यांचा मुलगा पसंत, मुलालाही ती पसंत. पण त्याचे वडील रंगराव अडून बसलेले. "आधी खुनाचा सोक्षमोक्ष लावा, मग मुहूर्ताचं बोला."

फौजदार शिरसाट आले आणि पारासमोर खुर्ची टाकून जबाब घ्यायला बसले.

"नाव?"

"खून."

"कोणाचा?"

"धोंडूचा."

"राहणार?"

"इथेच. जाणार कुठे साहेब? निकालच लागला नाही."

साहेबांनी मान हलवली. "बरं. केला कोणी?"

एवढं विचारायचा अवकाश, गाव पिसाळलं. मला तर कळेचना काय झालं. सकाळी याच लोकांनी खुनाला हार घातला होता! आता "खोटा खून, चालता हो!" म्हणून बोंबलायला लागले. पहिला दगड रंगरावांनी मारला. मग काय, ज्याला त्याला आपापल्या पणजोबांची काळजी. टपऱ्या उलटल्या, टोमॅटोचा चिखल झाला. शिरसाटांनी खुर्ची डोक्यावर धरून जमावबंदी पुकारली. खून एकटाच असल्यामुळे त्याला ती लागू नव्हती.

मी मेली तिथंच बसून राहिले. खून वाकला आणि माझ्या कानात नाव सांगितलं. रंगरावांच्या पणजोबांचं.

माझं डोकंच चालेना. हसू की रडू? ओरडून सांगावं, चार पिढ्यांचा डाग धुऊन टाकावा, तर समोर कावेरी, ओढणीचं टोक चावत उभी. दंगल ओसरली तसे रंगराव फाटक्या सदऱ्यानिशी माझ्यापुढे आले. घामाने निथळत होते.

"काय म्हणाला तो, वहिनी?"

"आमचंच नाव घेतलं," मी म्हटलं.

खुनाने माझ्याकडे पाहिलं, पण बोलला नाही. रंगराव मटकन पारावर बसले. सदऱ्याच्या बाहीने घाम पुसत म्हणाले, "मुलगी पसंत आहे आम्हाला. मुहूर्त काढा."

लग्न झालं. बरं केलं की वाईट, देव जाणे, मला अजून उमगलेलं नाही. खूनही आला होता. मांडवाच्या दारात वाघचौऱ्यांनी त्याला अदबीने विचारलं, "आपण कोणाकडचे?"

तो घोटाळला. मीच पुढे झाले, "आमच्याकडचे" म्हटलं आणि त्याला पंगतीत बसवलं.