पंधरावी चिठ्ठी

पाहुणे अकराला येणार होते आणि पिंकीच्या शाळेला फोटो बाराच्या आत हवा होता. दोन्ही गोष्टी एकाच रविवारी का याव्यात, हे सगुणाबाईंनी देवाला विचारून पाहिलं. शाळेच्या बाईंनाही विचारलं असतं, पण त्या इंग्रजीत बोलायच्या.

अभ्यास असा होता : ज्यांच्या इंग्रजी नावात एस आणि एच ही अक्षरं शेजारीशेजारी येतात अशा पंधरा वस्तू घरात शोधायच्या, प्रत्येकीवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि फोटो काढून पाठवायचे. पिंकी तिसरीत होती. सगुणाबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, त्यामुळे इंग्रजीशी त्यांचं कधी भांडण व्हायची वेळ आली नव्हती.

"आजी, डिंक संपला."

"संपू दे. मी खळ करून देते. माझ्या खळीनं चिकटवल्यावर भिंत पडंल, कागद नाही पडायचा."

मैद्याची खळ शिजली. साडेदहापर्यंत चौदा चिठ्ठ्या लागल्या. शेल्फ, कुशन, डिश, ब्रश, शाम्पू, माशांचा फिश टँक, आणि बाथरूममध्ये मावत नाही म्हणून हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेलं वॉशिंग मशीन. पंधरावी वस्तू काही सापडेना.

सून सुवर्णा पोह्यांचं पातेलं सोडून बाहेर आली नि चिठ्ठ्या पाहून जागीच थांबली. "अहो आई, पाहुण्यांसमोर हे काय? काढा ना." तिनं स्वतःच नखानं एक कोपरा खरवडून पाहिला. नख दुखलं, चिठ्ठी हलली नाही.

"राहू दे. पोरीचा अभ्यास हे, चोरीचा माल नाही."

थोरली नात हर्षाली तयार होऊन उभी होती. तिची दोन स्थळं याच हॉलमध्ये मोडली होती. आमच्याकडून लग्नात एक चमचासुद्धा मिळणार नाही, हे सगुणाबाई पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत, आणि पाहुणे चहा अर्धा ठेवून उठत. हा तिसरा मुलगा, सोमनाथ, अंबडच्या कारखान्यात होता. हर्षाली त्याच्याशी फोनवर दोनदा बोलली होती आणि तिला तो आवडला होता.

"आजी, या वेळी चमच्याचं चहा झाल्यावर सांग."

सगुणाबाईंनी कसंबसं कबूल केलं. आणि तिथंच घोटाळा झाला.

पहिल्या फेरीला सोमनाथ आणि लासलगावहून आलेल्या त्याच्या आत्या चतुराबाई, अशी दोघंच आली. चतुराबाईंनी भावकीतली वीसेक लग्नं जमवली होती. त्यांच्याकडे मांडवात आंदण मांडतात तेव्हा प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असते : कपाट मामाकडून, मिक्सर मावशीकडून. सोफ्यावर टेकताच त्यांची नजर मशीनवर गेली, तिथून शेल्फवर, तिथून मांडीखालच्या कुशनवर. चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या. इंग्रजी येत नाही हे चतुराबाई कुणाला सांगत नसत.

"आत्तापासूनच चिठ्ठ्या लावून ठेवल्या?"

"आमच्याकडं सगळं वेळेआधी तयार असतं," सगुणाबाई म्हणाल्या. आपण पोरीच्या अभ्यासावर लक्ष ठेवतो, याचा त्यांना अभिमान होता.

चतुराबाई खुलल्या. मुलीला नाव-शिक्षण विचारायचं सोडून त्या उठल्या आणि मशीनचं झाकण उघडून आत डोकावल्या. "फिरतं ना नीट?"

"न फिरायला काय झालं? रोज दोनदा फिरतं."

"मग आता दोनदा नका फिरवू. जरा जपून वापरा."

आपल्या मशीनची या बाईला एवढी काळजी का, हे सगुणाबाईंना कळेना. तोवर सोफ्यामागे पिंकी हातात शेवटची चिठ्ठी घेऊन घुटमळत होती. सोमनाथनं मान न वळवता हळूच विचारलं, "शर्ट चालेल का?" पिंकीनं बोटांवर अक्षरं मोजली आणि त्याच्या पाठीवर चिठ्ठी थापली.

"दादा, ओली हे हां."

चहा आला. चतुराबाईंनी बशीत ओतला आणि विषयाला हात घातला. "फिश टँक तुमच्याकडंच राहू द्या. मासे मेले तर लोकं नावं ठेवतील. कुशनं पण नकोत, आमच्याकडं लय हाईत. मशीन अन् शेल्फ तेवढं हळदीच्या आधी पोचवा."

सुवर्णाच्या हातातला डाव पोह्यांतच राहिला. हर्षालीनं डोळे मिटून घेतले. सगुणाबाईंनी मात्र कप शांतपणे खाली ठेवला. चहा झाला होता.

"म्हणजे चिठ्ठी लागली ती वस्तू दुसऱ्याच्या घरी जाणार, असंच ना आत्याबाई?"

"असंच असतंय ना."

"मग पाव्हणं, जरा उभं राहा अन् पाठ करा इकडं."

सोमनाथनं उठून पाठ केली. चतुराबाईंनी चिठ्ठी पाहिली.

"हा तर सगळाच आमचा झाला की," सगुणाबाई म्हणाल्या. "कपडे आजच आणून टाकता का मागून पाठवता?"

"आत्या," सोमनाथ वळून म्हणाला, "त्या लहानीचा अभ्यास हे. आल्या आल्याच वाचलं मी."

"मंग बोलला का नाय?"

"तू मागतेस का ते बघत होतो. मागचं स्थळ मोडलं तेव्हा म्हणालीस, मी काय मागायला तोंडच उघडलं नाय."

चतुराबाईंचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. "आमाला काय कमी हाय? अन् ते जुनं मशीन नेऊन करायचंय काय?"

"जुनं?" सगुणाबाई ताडकन उठल्या. "दोन वर्षं नाही झाली त्याला. घेऊनच जा तुम्ही. आमची पोर काय ओझं झाली म्हणून हात हलवत पाठवू?"

"नको म्हनले ना."

"नको कसं? टेम्पो मी बोलावते."

"आजी," हर्षाली म्हणाली, "मशीन माझ्या पगारातून घेतलंय. ते इथंच राहील. मी एकटी जाते त्यांच्याकडे, तेवढं पुरे."

पिंकीनं तेवढ्यात पाठीचा फोटो काढून पाठवला. सोमनाथ कानापर्यंत लाल झाला होता.

सगुणाबाईंनी हर्षालीकडे पाहिलं. "अगं," त्या म्हणाल्या, "पण तुला अजून कुणी विचारलंय कुठं?"